डॉक्टर काय म्हणाले

टच अँड गो मी शिकवत नाही. बाकी सगळं शिकवते. पुंडलिकनगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत गेली वीस वर्षं मी इंग्रजी बोलायचे क्लास घेते. सकाळी कॉलेजची मुलं, दुपारी बायका, संध्याकाळी वाळूजच्या कारखान्यांतून शिफ्ट संपवून आलेले लोक. सगळ्यांना मी स्वतः तयार केलेले छापील कागद वाटते. त्यात गिव्ह अप आहे, पुट ऑफ आहे, कॉल इट अ डे आहे, मुलांना रडकुंडीला आणणारे सगळे गेट आणि टेक आहेत. शेवटून दुसऱ्या पानावर टर्न डाउनच्या आधी एक ओळ असायला हवी, ती नाही. कुणी विचारलंच तर 'जागा पुरली नाही' असं मी ठोकून दिलं असतं. ठोकून देण्यात माझा हात कुणी धरणार नाही. तेच सांगायला बसले आहे.

हे इंग्रजीचं वेड मूळचं माझ्या वडिलांचं. ते कोर्टात टंकलेखक होते. आजोबांची हयात निजामाच्या काळातल्या उर्दू दप्तरात गेली, वडिलांच्या वाट्याला इंग्रजी आली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी न्यायाधीश साहेब निकाल सांगत होते आणि वडील टाइप करत होते. साक्षीदार बीटिंग अराउंड द बुश करतोय, असं साहेब म्हणाले. वडील थबकले. मशीन थांबवून त्यांनी पंचनाम्याची पानं उलटली आणि अदबीनं विचारलं, साहेब, घटनास्थळी झुडूप कुठंच नमूद नाही, आता कुठं दाखवायचं? साहेब हसले, वकील हसले, दाराशी उभा असलेला पट्टेवालासुद्धा हसला, आणि त्याला तर इंग्रजीचा गंधही नव्हता. मुद्दा टाळून गोल गोल बोलायचं, असा त्याचा अर्थ संध्याकाळी एका म्हाताऱ्या वकिलांनी त्यांना समजावून दिला. अर्थ कळला, पण ते हसू त्यांच्या कानातून आयुष्यभर गेलं नाही.

तेव्हापासून ते रोज कोर्टातून एक तरी इंग्रजी बोल घरी आणायचे. मी आणि दादा मोठे झालो तसे ते बोल ताटावर आले. पहिला घास घेतला की ते म्हणायचे, "लेट डाउन. अर्थ सांग. शब्दांचा नको, बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे ते सांग." भरवसा ठेवला आणि समोरच्यानं तोंडघशी पाडलं, असं मी म्हटलं की मान हलायची आणि जेवण पुढं सरकायचं. अर्थ चुकला तर मात्र ते 'चूक' म्हणत नसत. गप्प बसत. माझ्याकडं एकदा बघत आणि मग एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेतल्यावर फक्त "हं?" म्हणत. तोवर विचार करून मी दुसरा अर्थ शोधून आणलेला असायचा. आपली चूक आपणच दुरुस्त करायची, त्यासाठी सकाळपर्यंत मुदत, हा त्यांचा कायदा. दादा सरळ "मला नाय माहीत" म्हणून मोकळा व्हायचा आणि त्याला काही बोचायचं नाही. मला त्या गप्प बसण्यापेक्षा मार परवडला असता.

रविवारी ते मला हर्सूलच्या तलावावर फिरायला न्यायचे. वाटेत तुरुंगाची भिंत लागायची. तिथं ब्रेक आउट म्हणजे तुरुंग फोडून पळणं झालं, डू टाइम म्हणजे शिक्षा भोगणं झालं, आणि एकदा लेट ऑफ झालं. सुटला, मी म्हणाले. ते चालता चालता थांबले. "नुसता सुटला नाही. गुन्हा केलेला असतो, तरी सोडून देतात. सोडणाऱ्याला माहीत असतं आणि सुटणाऱ्यालाही." मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. हा अर्थ मला पुढं कधीकाळी लागणार आहे असं तेव्हा कोण सांगणार होतं?

या सगळ्यात आई कुठं होती? वाढत होती. तिची शाळा सातवीला सुटलेली. "तुमचं गिटपिट झालं असंल तर भात वाढू का?" असं ती विचारायची. कधी आम्ही तिघं एखाद्या बोलावर हसलो तर तीही हसत विचारायची, "काय म्हणले? मलाबी सांगा की." आम्ही म्हणायचो, काही नाही गं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण आईला अर्थ सांगायची पद्धतच आमच्या घरात नव्हती, हे आता लिहिताना मला स्वच्छ दिसतं आणि लाज वाटते.

वडील गेले त्याला बारा वर्षं झाली. न्यूमोनिया झाला, छाती भरली, एका खाजगी दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. भेटायची वेळ सकाळी अकरा ते साडेअकरा आणि संध्याकाळी सहा ते साडेसहा. एका वेळी दोघांनाच आत सोडत. चौथ्या दिवशी सकाळी आई आणि मी पलंगाशी उभ्या होतो. वडिलांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे मिटलेले. मोठे डॉक्टर आले. ते दक्षिणेकडचे, शहरात नवीन, मराठी येत नव्हतं पण हिंदी कामापुरती येत होती. त्यांनी कागद बघितले, माझ्याकडं न बघता आईकडं वळले आणि म्हणाले, "माताजी, देखिए..."

आणि मी मध्ये तोंड घातलं. "डॉक्टर, यू कॅन स्पीक इन इंग्लिश. आय विल एक्सप्लेन टू हर."

त्या वाक्याची काही गरज नव्हती. आईला हिंदी उत्तम कळते. इथं जन्मलेल्या कुठल्याही बाईला कळते. भाजी, दूध, रिक्षा सगळं हिंदीतच चालतं. पण मला वडिलांना ऐकवायचं होतं. चाळीस वर्षांची घोडी मी, आणि आजारी बापाच्या पलंगाशी उभी राहून मला माझं इंग्रजी मिरवायचं होतं. डॉक्टरांनी हुश्श केलं. मग पलंगाच्या पायथ्याशी सरकून, आवाज खाली घेऊन ते भराभर बोलले. फ्रँकली, इट इज टच अँड गो. आय डोन्ट थिंक ही विल पुल थ्रू. ॲलाउ युअर मदर टु सिट विथ हिम टुडे, आय विल टेल द सिस्टर.

म्हणजे जीव टांगणीला आहे. यातून ते वाचतील असं मला वाटत नाही. आईंना आज त्यांच्याजवळ बसू द्या, मी सिस्टरला सांगून ठेवतो.

मी थँक्यू म्हणाले. डॉक्टर पुढच्या पलंगाकडं गेले. आईनं माझा दंड धरला. "काय म्हणायलेत डॉक्टर?"

तिचा चेहरा चार दिवसांत एवढासा झाला होता. साखरेचा आजार, आणि धड जेवण नाही. मला वाटलं, आत्ता नको. जरा घरी जाऊन दोन घास खाऊ दे, संध्याकाळी सांगू. मी म्हणाले, "धोका टळलाय म्हणतात. एक-दोन दिवसांत वॉर्डात हलवतील."

हे बोलून मी मान वळवली तर वडिलांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडं बघत होते.

डॉक्टरांचं इंग्रजी त्यांनी ऐकलं होतं. माझं मराठीही ऐकलं होतं. मास्कमुळं बोलता येत नव्हतं हे खरं, पण मास्क नसता तरी ते बोलले नसते. ती नजर मी लहानपणापासून ओळखत होते. अर्थ चुकलाय, सकाळपर्यंत मुदत आहे, अशी ती नजर होती. आणि ती मुदत आपल्याकडं नाही हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

आईला यातलं काही दिसलं नाही. ती त्यांच्या कानाशी वाकली. "ऐकलं का, वॉर्डात नेणार हैत म्हणं. मी घरी जाऊन येते. तुमचे दात आणते, चष्मा आणते. जाऊ ना?" वडिलांनी चादरीवरचा हात इंचभर उचलला आणि बोटं हलवली. जा. आई हरखली. "बघ, हात उचलला," मला म्हणाली.

त्या बोटांचा अर्थ मी बारा वर्षं लावते आहे. मला लेट ऑफ करून माझी लबाडी त्यांनी झाकली, की ती माझ्यावरच सोडून दिली? की त्यांनाही आईचा तो एवढासा झालेला चेहरा बघवत नव्हता? बोलणाऱ्याच्या पोटात काय होतं ते मला सांगता येत नाही.

आई रिक्षात बसून गेली. तिची रिक्षा वळली आणि मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून पुण्याला दादाला फोन केला. त्याला मात्र सगळं खरं सांगितलं. लगेच नीघ म्हणाले. तो निघालाही. मग मी बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिले, कारण भेटायची वेळ नव्हती आणि आत बसायची परवानगी होती ती आईसाठी. सिस्टरनं दुपारी दारातून डोकावून विचारलंसुद्धा, "माताजी आल्या नाहीत का? सरांनी सांगून ठेवलंय." येतील, मी म्हणाले. त्या क्षणी आईला फोन करता आला असता. फोन माझ्या हातातच होता. मी विचार केला, ती आत्ता कुठं आडवी झाली असेल.

पाचला दहा कमी असताना वडील गेले. आत आमचं कुणी नव्हतं.

साडेपाचला लिफ्टचं दार उघडलं. आई आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून आली होती. खांद्यावरच्या पिशवीत दात, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, आणि वॉर्डात गार लागेल म्हणून मफलर. मला बघून ती हसली. चार दिवसांत पहिल्यांदा हसली. त्या हसण्यापासून मला आजही पळून जावंसं वाटतं.

"असं अचानक कसं झालं?" तिनं नंतर विचारलं.

"डॉक्टर म्हणाले अचानकच झालं," मी म्हणाले. एकदा लबाडी केल्यावर दुसरी आपोआप येते, तिला बोलवावं लागत नाही.

पुढची अकरा वर्षं आईनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तीच हकीकत सांगितली. चांगले होत होते. वॉर्डात नेणार होते. मी विचारलं जाऊ का, तर हात हलवून जा म्हणले, खुशीत होते. लोक म्हणायचे, भाग्यवान, हाल न होता गेले. आई मान हलवायची. मी चहाचा ट्रे घेऊन शेजारी उभी असायचे. तिच्या त्या हकिकतीत एक शब्द जरी खरा घातला असता तरी ती सगळी कोसळली असती, म्हणून मी चहा देत राहिले.

क्लासमध्ये वेगळंच सुरू झालं. एखाद्या बोलाचा अर्थ फळ्यावर लिहून मी वळले की खोलीत कुणीतरी गप्प बसलंय असं मला वाटायचं. वीस पोरं कलकल करत असायची, तरी त्या कलकलीखाली ते गप्प बसणं ऐकू यायचं. मी फळा पुसून अर्थ पुन्हा लिहायचे. पुन्हा तोच लिहायचे, कारण तो बरोबरच असायचा. मुलं म्हणायची, मॅडम फार काटेकोर आहेत. दुपारच्या बायका सुटून संध्याकाळची बॅच येईपर्यंत पाऊण तास मोकळा जातो, त्यात पाचला दहा कमी होतात. त्या वेळी मी घरात थांबत नाही. कोपऱ्यावरून उगाच कोथिंबीर आणते. आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या चार-चार जुड्या असतात आणि आई चिडते.

वडील गेल्यावर आई मधल्या दाराच्या आत पाट घेऊन बसू लागली. क्लास चालू असताना ती तिथं मेथी निवडायची, शेंगा सोलायची. मला वाटायचं, एकटं वाटतं म्हणून बसते. पण ती ऐकत होती. दोन-तीन वर्षांनी एका संध्याकाळी शेवटची बॅच लांबली तेव्हा ती आतून म्हणाली, "आता कॉल इट अ डे करा की." सगळा क्लास हसला आणि मला कौतुक वाटलं. भाजीवाल्यानं शिळी मेथी दिली की "लई लेट डाउन केलं त्यानं," असं ती म्हणायची, आणि तो शब्द अगदी नेमका वापरलेला असायचा. कुणी ताटावर न विचारता, कुणी मान न हलवता ती शिकली.

गेल्या वर्षी दुपारच्या बायकांत एक नर्स आली. परदेशात नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा देणार होती. एक दिवस तिनं सरावाचा पेपर पुढं केला. "मॅडम, हे तुमच्या कागदात नाही. द पेशंट सर्व्हाइव्ह्ड, बट इट वॉज टच अँड गो. अर्थ काय लिहू?"

जागा पुरली नाही, हे इथं चालणार नव्हतं. तिला परीक्षा द्यायची होती, आणि ती रोज पेशंटपाशी उभी राहणारी बाई होती. मी म्हणाले, "माणूस जगेल की जाईल सांगता येत नाही, अशी अवस्था. क्षणाचा भरवसा नाही." ती लिहून घेऊ लागली. आत शेंगा सोलल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

बायका गेल्या. मी चप्पल पायात घालत होते. आई म्हणाली, "कोथिंबीर हाय घरात. बैस."

मी बसले.

"त्या दिवशी डॉक्टर हेच म्हणले होते. टच अन गो. दोन्ही शब्द मला कळत होते म्हणून ध्यानात राहिले. तू धोका टळला म्हणलीस, तर मला वाटलं, दुखणं नुसतं शिवून गेलं असंल." हातातली शेंग तिनं खाली ठेवली. "अजून काय म्हणले होते?"

मी सगळं सांगितलं. वाचतील असं वाटत नाही म्हणाले होते. तुला जवळ बसू द्या म्हणाले होते.

"मला बसू देणार होते?"

"हो."

"आन ह्यांनी ऐकलं ते?"

"ऐकलं. डोळे उघडे होते."

"तरी मला जा म्हणले." हे तिनं मला विचारलं नाही, स्वतःशीच म्हणाली. "आन दादा? तो कसा काय निघाला पुण्याहून? मला वाटायचं, योगायोगानं आला."

"त्याला मी फोनवर खरं सांगितलं होतं."

"म्हणजे तुम्हा तिघांला माहीत होतं," आई म्हणाली.

मी रडायला लागले. तुला घाबरवायचं नव्हतं गं, असं काहीतरी म्हणाले. ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "घाबरले असते," ती म्हणाली. "पण तिथं बसून घाबरले असते. चव्वेचाळीस वर्षं संसार केला मी त्यांच्यासंगं. तेवढा माझा हक होता." मग उठून तिनं टरफलं गोळा केली आणि कुकर लावला.

आम्ही नेहमीसारख्याच राहतो. ती स्वयंपाक करते, मी क्लास घेते. अजूनही ती मधल्या दारात बसते. फक्त पाहुण्यांना ती आता हाताची हकीकत सांगत नाही. कुणी विषय काढलाच तर, "गेले बारा वर्षांखाली," एवढंच म्हणते. त्या हललेल्या बोटांच्या आधारावर तिनं अकरा वर्षं काढली होती. तो आधार मीच दिला होता आणि मीच काढून घेतला. तिला सांगायला नको होतं का, हे मी स्वतःला विचारते, आणि आधीच का नाही सांगितलं, हेही विचारते. दोन्ही प्रश्न सारख्याच जोरानं अंगावर येतात.

मागच्या महिन्यात आईला चालताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट घेऊन आम्ही एका हृदयाच्या डॉक्टरांकडं गेलो. तरुण मुलगा होता, मराठीच. त्यानं रिपोर्ट दोनदा वाचला, माझ्याकडं बघितलं, आणि ओळखलं की ही इंग्रजी जाणते. मग पेशंटच्या डोक्यावरून बोलायचा आवाज असतो तो लावून म्हणाला, "मॅम, सो बेसिकली..."

माझं तोंड उघडलंही होतं. आईनं टेबलावर हात ठेवला.

"टेल मी, डॉक्टर," ती म्हणाली. "नॉट हर."

डॉक्टर गोंधळला. त्यानं माझ्याकडं बघितलं. आईनंही बघितलं, पण रागानं नाही.

"तू बाहेर बैस," ती म्हणाली.

मी बाहेर आले. माझ्या मागं दार लागलं. बाकड्यावर दोन माणसं रिपोर्टच्या फायली मांडीवर घेऊन बसली होती, त्यांनी सरकून जागा दिली. आतून डॉक्टरचा आवाज येत होता, मध्येच आईचा येत होता, ती काहीतरी विचारत होती. मी भिंतीला कान लावल्यासारखी बसले होते, पण एक शब्द कळत नव्हता.